पूर्णविरामाआधीची मराठी

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचे फडके, आणि त्यावरून त्यात बांधलेला गठ्ठाही. तो सोडला की आधी जुन्या कागदाचा वास येतो आणि मग मोडीच्या ओळी दिसतात. लिहिणाऱ्याने प्रथम पानभर आडव्या रेघा ओढून घेतल्या आहेत आणि त्या रेघांना अक्षरे लटकवत बोरू शक्यतो न उचलता तो पुढे गेला आहे. दोन शब्दांमध्ये जागा नाही. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, पूर्णविराम यांपैकी काही नाही. ओळ संपली तिथे शब्द मधूनच तोडला आहे आणि उरलेली अक्षरे खालच्या ओळीत गेली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुतेक ठिकाणी नाही, कारण मोडीत वेलांटी एकच आणि उकारही एकच. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ दिसायला सारखेच.

अशा लिखाणावर राज्य चालले. फौजा हलल्या, किल्ल्यांवर दाणागोटा पोचला, लाखोंच्या रकमा या हातातून त्या हातात गेल्या. वाचणाऱ्याचा अर्थ चुकला तर माणसे मरायची. मग विरामचिन्हांवाचून हे कसे जमत होते?

‘थांबू नका जाऊ’ एवढी तीन शब्दांची ओळ घ्या. ‘नका’च्या पुढे दम घेतला तर निघायचे आहे, ‘थांबू’च्या पुढे घेतला तर मुक्काम करायचा आहे. बोलताना आवाज हा प्रश्न सोडवतो. कागदावर आवाज नसतो, आणि मोडीच्या कागदावर तर मोकळी जागाही नसते. दप्तरातला अनुभवी कारकून असली ओळ लिहीतच नसे. तो ‘न राहणे, कूच करणे’ अशा वळणाने लिही. प्रत्येक हुकूम स्वतःच्या क्रियापदावर संपे, आणि ते क्रियापद बहुधा ‘-णे’ने संपणारे असे: पाठवणे, देणे, येणे, ताकीद करणे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, हा त्याच्या हातातला सर्वांत मोठा आधार होता. वाचणारा ओळीवरून बोट फिरवत पुटपुटत जाई आणि ‘-णे’ आले की थांबे. टिंब नसले तरी वाक्य कुठे संपले ते कळत असे.

दुसरा आधार सांध्यांच्या शब्दांचा. ‘ऐशियास’, ‘त्यास’, ‘तरी’, ‘म्हणोन’, ‘ते समयी’, ‘जाणिजे’ हे शब्द जुनी पत्रे वाचताना आज कंटाळवाणे वाटतात. नव्या अभ्यासकांना ती नुसती भरती वाटते. पण त्यांची कामे ठरलेली होती. समोरच्याने काय लिहिले होते ते ‘म्हणोन’पाशी संपते आणि ‘त्यास’पासून आपले उत्तर सुरू होते. आज जे काम अवतरणचिन्हे आणि नवा परिच्छेद करतात, ते तेव्हा हे दोन शब्द करत होते. ‘ऐशियास’ आले की मागचा मजकूर सांगून झाला, आता त्यावरचा निर्णय ऐका. पत्राच्या तळाशी मोर्तबाचा छोटा शिक्का असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर तो ‘मर्यादेयं विराजते’ असा आहे आणि पेशव्यांच्या कागदांवर ‘लेखनसीमा’ असा. मजकूर इथे संपला, याच्याखाली कोणी काही घुसडू नये, हा त्याचा अर्थ. त्या काळातला मराठी पूर्णविराम कोणता असे विचारले तर हा शिक्का दाखवावा लागेल.

मजकूर अनेक बाबींचा असला की कारकून यादी करी आणि प्रत्येक बाबीला ‘कलम’ म्हणे. एका कलमात एकच गोष्ट. तहाच्या अटी, महालाचे हिशेब, लग्नातले देणेघेणे सगळे असे कलमवार लागे. रकमा लिहिताना आधी एकूण आकडा, मग ‘बितपशील’ आणि त्याखाली फोड. वरिष्ठाला घाई असेल तर त्याने वरचा आकडा पाहावा, शंका आली तर खाली उतरावे. रोज येणारे शब्द आखडून दोन दंड दिले जात. ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. ही आखडती रूपे मनमानी नव्हती. दप्तरात उमेदवारी करणारा पोरगा ती वडीलधाऱ्या कारकुनाच्या हाताखाली शिकत असे, त्यामुळे साताऱ्यात आखडलेला शब्द ग्वाल्हेरीत बिनचूक उलगडत असे.

मायन्याबद्दल मात्र या दप्तराला नावे ठेवली जातात. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’पासून साष्टांग नमस्कारापर्यंतची लांबलचक सुरुवात हा शब्दांचा अपव्यय वाटतो. एका अर्थाने तो आहेच. पण मायना ठरीव असल्यामुळे तो वाचावा लागत नसे, नुसता ओळखावा लागे. कोणी कोणाला कोणत्या नात्याने लिहिले आहे ते त्यावरून कळे, आणि जाणत्याची नजर थेट ‘विनंती उपरी’वर किंवा ‘विशेष’वर जाऊन टेके. खरे पत्र तिथून सुरू होई.

लिहिण्याच्या या शिस्तीचा जुना पाठ समर्थ रामदासांच्या दासबोधात आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. मोक्षाचा विचार करणाऱ्या ग्रंथात बोरू, शाई आणि समासाची मोकळी जागा यांना मान मिळावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ चालाव्यात, एका ओळीचे काने-मात्रे दुसरीत घुसू नयेत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे वळण राहावे, असे ते सांगतात. भोवती जागा सोडावी, म्हणजे पानाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी हौसेने बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाचे राहत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. म्हणजे लिहिणाऱ्याने आज हातात असलेल्या कागदापलीकडे, वीस-तीस वर्षांनंतर ते पान उघडणाऱ्या थकलेल्या डोळ्यांचा विचार करायचा. त्या डोळ्यांत त्याचे स्वतःचेही डोळे आले.

मराठी गद्याचा सर्वांत स्वच्छ नमुना मात्र कुठल्या ग्रंथात नाही, एका लष्करी ताकीदपत्रात आहे. सोळाशे सत्तरच्या दशकात चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणी करून राहिलेल्या फौजेतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना शिवाजी महाराजांकडून हे पत्र गेले. विषय साधा आहे. पावसाळा येत आहे, गवत आणि दाणा जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका. दुसऱ्या कोणी हे एका ओळीत हुकूम म्हणून लिहिले असते. इथे प्रत्येक हुकमाला कारण दिले आहे, आणि कारणातून पुढचे कारण निघते. आत्ता मनमानी उधळलेत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. जी रयत जीव धरून राहिली आहे तीही गाव सोडील, आणि तिला वाटेल की याहून मोगल बरे.

त्यानंतर आगीचा मजकूर येतो, आणि तो लिहिणाऱ्याने छावणीत जाऊन पाहिल्यासारखा आहे. कोणी गंजीजवळ चूल पेटवील, कोणी वारा न पाहता तमाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून निजेल. उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल आणि सगळे गवत जळून जाईल. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली तरी खण उभारायला एक लाकूडही मिळणार नाही. उंदराने वात नेण्याचा तपशील पत्रात नसता तर हुकूम पुरा झाला असता, पण शिपायाच्या डोक्यात तो बसला नसता. वाचक कोण आहे, तो कुठे निष्काळजी होईल, त्याला काय दिसले म्हणजे पटेल, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. थोडक्यात लिहिणे आणि स्पष्ट लिहिणे यांतला फरक पाहायचा असेल तर हे पत्र पाहावे. ते त्याच्या कामासाठी हवे तेवढे लांब आहे, आणि त्यातला एकही शब्द काढावासा वाटत नाही.

याच्या उलट टोकाला पानिपतच्या पराभवाची बातमी आहे. 1761च्या जानेवारीत उत्तरेतून दक्षिणेकडे निघालेल्या एका सावकारी पत्राची हकिकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे शिपाई. हुंडीच्या भाषेत लिहिल्यामुळे वाटेत कोणाच्या हाती पडले तरी तो नफ्या-तोट्याचा कागद वाटावा. सावकाराची भाषा मुळातच आकड्यांची आणि काटकसरीची होती. त्याच भाषेत एवढा मोठा प्रलय मावला, म्हणून ती ओळ आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे.

हे गुण दप्तरानेच मराठीला दिले असे मात्र नाही. शिवकाळाच्या चारशे वर्षे मागे, तेराव्या शतकाच्या अखेरीला, म्हाइंभट महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत गावोगाव फिरत होते. ज्याने जे पाहिले त्याच्याकडून ते ऐकायचे आणि तसे टिपायचे. त्यातून लीळाचरित्र झाले. त्यातली वाक्ये आखूड आहेत, माणसे दोन-तीन शब्दांत विचारतात आणि तेवढ्यातच उत्तर मिळते. याच पंथातले केशिराजबास संस्कृतचे पंडित होते. त्यांना नागदेवाचार्यांनी सांगितले ते पंथात आजही सांगतात: संस्कृतात लिहू नका, त्याने माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. केशिराजबासांनी मग लीळाचरित्रातली चक्रधरांची वचने निवडून मराठीत सूत्रपाठ बांधला. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्या बायकांसाठी लिहिलेली ही मराठी कित्येक शतके बाहेरच्या कोणाला वाचता आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांची किल्ली अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला कळले की आपले पहिले गद्य इतके बोलके होते.

पुन्हा दप्तराकडे वळू. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास दप्तरातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात सुमारे चौदाशे शब्द आहेत. त्याची प्रेरणा स्वाभिमानाची होती आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही ‘दप्तर’, ‘कागद’, ‘हुकूम’, ‘किल्ला’, ‘जमीन’ हे शब्द टिकले, कारण कुणब्यापासून सरदारापर्यंत सगळ्यांना ते कळत होते.

मग छापखाना आला, आणि मराठीचा चेहरामोहरा पन्नास वर्षांत बदलला. मोडीचे सलग धावणारे वळण खिळ्यांना सोयीचे नव्हते. छपाईसाठी बाळबोध म्हणजे देवनागरी रुळली आणि तिच्याबरोबर शब्दांमधली मोकळी जागाही. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या पानावर एका रकान्यात इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या रकान्यात मराठी. संपादक विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण होता. दोन भाषा अशा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्यावर एकीची चाल दुसरीच्या अंगी लागणे अटळ होते. इंग्रजी वाक्य मधोमध उघडते, त्यात एक वाक्य शिरते, त्या वाक्यातही आणखी एक, आणि वाचक दमतो तेव्हा मूळ वाक्य मिटते. मराठीत असे केले की क्रियापद शेवटी जाऊन पडते आणि ‘जो-तो’, ‘ज्या-त्या’ यांचे ओझे वाढत जाते. भाषांतराच्या त्या पहिल्या दशकांतली कित्येक पुस्तके वाचताना धाप लागते. दप्तरातला कारकून ज्या सांध्यांवर भिस्त ठेवत होता ते सांधे निखळले होते, आणि नवे अजून बसायचे होते.

ते बसवण्याचे काम बऱ्याच अंशी एका लष्करी इंग्रजाने केले. मेजर थॉमस कँडी सैन्यातून हिंदुस्थानात आले, मराठी शिकले आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासाठी राबले. त्या कोशाची पहिली आवृत्ती 1831ची आणि दुसरी, वाढवलेली, 1857ची. पुढे कँडी पुण्यात शिक्षण खात्यात आणि सरकारच्या भाषांतर खात्यात होते. शाळांसाठीची मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात, आणि एकेका शब्दासाठी शास्त्रीमंडळींशी त्यांचा खल चाले. विरामचिन्हांची परिभाषा सांगणारी त्यांची पुस्तिका 1850ची. कोणते चिन्ह कुठे द्यायचे, कुठे किती थांबायचे, हे मराठी शिकणाऱ्या मुलाला आणि मराठी लिहिणाऱ्या पंडिताला तिने एकदमच शिकवले. कँडींच्या मराठीला परकी चव होती, आणि त्यांच्या खात्यातून निघालेल्या भाषेवर पुढे पुष्कळ टीका झाली. ती रास्तही होती. पण आज मराठी मूल पहिली-दुसरीत टिंब देऊन वाक्य संपवायला शिकते ते त्यांच्या काळात बसलेल्या घडीमुळे. शेजारच्या हिंदीने दंडच ठेवला, मराठीने टिंब घेतले. देवनागरी एकच, तरी पान दुरून पाहिले की कोणती भाषा ते ओळखता येते.

चिन्हे मिळाली म्हणून लेखन आपोआप सुबोध झाले असे मात्र नाही. उलट दोन वाटा फुटल्या. 1848पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, पत्रे लिहू लागले. त्यांची शतपत्रे मोजली तर एकशे आठ भरतात. सरकारी कचेरीत भाषांतराचे काम केलेला हा माणूस आखूड, खडबडीत वाक्यांत सरळ बोलतो. लालित्य त्याच्या गावी नाही, पण त्याला काय म्हणायचे आहे याबद्दल कोणाची फसगत होत नाही. 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि दुसरी वाट उघडली. मराठी गद्याला डौल कसा असतो हे तिने दाखवले. सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक निघाले. भाषांतरखात्याच्या पिचलेल्या मराठीवर शास्त्रीबुवांनी केलेला हल्ला भाषेच्या भल्याचा होता. त्यांची लांब, डुलत जाणारी वाक्ये त्यांच्या हातात तोल सांभाळत, कारण मागे संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींची तालीम होती. त्यांची नक्कल करणाऱ्यांकडे ती तालीम नव्हती. त्या नकलेचे डाग मराठी निबंधावर पुढे कितीतरी वर्षे दिसत राहिले.

या दोन वाटा जोडणारा माणूस गोपाळ गणेश आगरकर. समाजसुधारक म्हणून त्यांचे नाव घरोघरी आहे, पण वाक्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता हे फारसे कोणी सांगत नाही. 1888 साली त्यांची ‘वाक्यमीमांसा’ प्रसिद्ध झाली. मराठी वाक्याचे भाग कोणते, ते एकमेकांना कसे बांधलेले असतात, मिश्र वाक्य सोडवायचे कसे, असा तिचा विषय. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढला. शिक्षकाच्या हाताने वाक्य उकलायचे, आणि संपादकाच्या हाताने ते अशा लोकांपुढे ठेवायचे ज्यांना त्यातला विचार आवडणारच नव्हता. या दोन कामांचा संबंध उघड आहे. बालविवाहाविरुद्ध, केशवपनाविरुद्ध लिहिताना आगरकरांना संदिग्ध राहणे परवडणारे नव्हते. वाक्यात एक जरी फट राहिली तरी विरोधक तिथूनच आत शिरणार. म्हणून त्यांचा युक्तिवाद पायरी-पायरीने चढतो. प्रत्येक पायरीवर वाचकाचा होकार घेतल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. चिपळूणकरांच्या गद्याची चिरेबंदी त्यांच्याकडे आहे, आणि तिला दारे-खिडक्याही आहेत.

टिळकांचे वळण आणखी निराळे. ते अग्रलेख बहुधा तोंडी सांगत आणि लेखनिक उतरून घेई, त्यामुळे ‘केसरी’च्या मराठीत बोलण्याचा दमश्वास आला. विद्यापीठातल्या पदवीधरासाठी लिहू नका, समोर खेड्यातला माणूस बसला आहे असे समजून लिहा, अशा आशयाची शिकवण ते सहकाऱ्यांना देत असे सांगितले जाते. 1897 साली प्लेगच्या दिवसांत पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाल्यावर सरकारने शहरावर जरब बसवायला सुरुवात केली, तेव्हाच्या अग्रलेखाला त्यांनी दिलेला मथळा होता ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ एकही जोडशब्द नाही, एकही संस्कृत समास नाही. घरातल्या थोरल्याने चिडून विचारावा तसा प्रश्न. त्या वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात टिळक तुरुंगात गेले. मथळा लोकांच्या बोलण्यात राहून गेला.

सामान्य माणसाच्या हातात तोवर एक नवी वस्तू आली होती. 1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. त्यावर ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ला जागा नव्हती. मग मायना आखडला आणि ‘सा. न. वि. वि.’ झाला. तीर्थरूपांचे ‘ती.’ झाले, चिरंजीवांचे ‘चि.’, मुक्काम-पोस्टाचे ‘मु. पो.’. विसरलेला मजकूर आठवला की कार्डाच्या कडेला उभ्या ओळीत ‘ता. क.’ लिहून तो घातला जाई. ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम, पेशवाईच्या दप्तरातलेच कलम. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाने कोकणात आईला लिहायचे, आणि ते तिला गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवायचे. पैसे पाठवले आहेत, तब्येत बरी आहे, शिमग्याला येतो. कार्ड उघडेच असल्यामुळे मनातले फार लिहिता येत नसे. तरी ‘कळावे, लोभ असावा’ एवढ्या ठरीव शब्दांतून ते त्या घरापर्यंत पोचत असे.

लेखनाच्या बाजूने शेवटचा मोठा बदल 1962 साली झाला. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांना सरकारने मान्यता दिली आणि 1972मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात उरले नव्हते ते अनुस्वार गळाले. ‘पांच’चे ‘पाच’ झाले, ‘केलें’चे ‘केले’ झाले. पान मोकळे दिसू लागले. पूर्वी ‘नांव’ म्हणजे माणसाचे आणि ‘नाव’ म्हणजे होडी असा फरक एका टिंबावर चाले. तो गेला, आणि संदर्भाने त्याची जागा घेतली. वाचकाला त्याची कधी अडचण झाल्याचे ऐकिवात नाही.

अडचण दुसरीकडे झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, भाषा संचालनालय उभे राहिले, 1964 साली राजभाषेचा कायदा आला. मराठीला कचेरीत हक्काची खुर्ची मिळाली, आणि ती मिळावी यासाठी लोकांनी रक्त सांडले होते. अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांना मराठी नावे देणारा पदनामकोश निघाला तेव्हा त्याला ‘बदनामकोश’ हे नाव पडले. ते आचार्य अत्र्यांचे म्हणून सांगितले जाते. राज्यव्यवहारकोशाचीच गोष्ट तीनशे वर्षांनी पुन्हा घडली. काही शब्द लोकांनी उचलले, काही तसेच पडून राहिले. ‘जिल्हाधिकारी’ आज कोणाला अवघड वाटत नाही.

खरे दुखणे शब्दांत नव्हते, वाक्यात होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.’ या मराठीशी ज्याचा संबंध आला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. कळवतो कोण? करायचे कोणी? आवश्यक म्हणजे काय? तातडीने म्हणजे कधीपर्यंत? एवढ्या शब्दांत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. या वाक्याचे मूळ साहेबाच्या कचेरीतल्या कर्मणी प्रयोगात आहे, मराठी दप्तरात नाही. पेशव्यांच्या कारकुनाने हेच लिहिले असते तर ‘तुम्ही’ लिहून सुरुवात केली असती, कामाचे नाव घेतले असते, तारीख घातली असती आणि ‘करणे’वर थांबला असता. पेन्शनसाठी फेऱ्या घालणारी विधवा किंवा नुकसानभरपाईची नोटीस हातात धरून तलाठ्याकडे आलेला शेतकरी यांच्यापुढे तो कागद अर्थ न सांगता उभा राहतो. त्यांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, कधी त्यासाठी पैसेही मोजावे लागतात. नागदेवाचार्यांना ज्या म्हाताऱ्या बायकांची काळजी होती त्याच या बायका.

त्याच शेतकऱ्याच्या हातात ‘सातबारा’ही असतो, आणि त्या नावाचा अर्थ त्याला कोणाला विचारावा लागत नाही. गावनमुना सात आणि गावनमुना बारा, या दोन क्रमांकांवरून लोकांनी पाडलेले ते नाव. कोणत्याही कोशकाराने ते सुचवले नव्हते.

जमिनीच्या आणि जातीच्या जुन्या नोंदींसाठी अलीकडे मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडीचे जाणकार शोधावे लागले. त्यांच्यापुढे येणारे कोडे जुनेच आहे. 1898 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड पानिपताच्या आगेमागेच्या पत्रांनी भरला, तेव्हा तेही या कोड्यातून गेले होते. मूळ कागदावर नसलेली मोकळी जागा छापील पानावर द्यावी लागते, नसलेले पूर्णविराम घालावे लागतात, आणि प्रत्येक टिंबाबरोबर संपादक एक अर्थ पक्का करत असतो. लिप्यंतर करणारा आजही ओळीखाली बोट धरून पुटपुटत जातो. ‘म्हणोन’ येते, ‘त्यास’ येते, तो पुढे सरकतो. मग ‘-णे’ येते, आणि तो शिसपेन उचलून कागदावर हलकेच टिंब देतो.